शेंडा खुडण्याचा हिशेब

झाड वाढवायचे तर त्याला खत घाला, पाणी घाला, असे कोणीही सांगेल. पण भरपूर फुले हवीत तर झाडाचा वाढता शेंडाच खुडून टाका, असे सांगणारा माणूस प्रथम वेडाच वाटतो. तरीही हे वेड आपल्या घरादारांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या की तुळस डेरेदार होते, हे घरच्या आजीला ठाऊक असते. हरभऱ्याचे कोवळे शेंडे भाजीसाठी खुडले तर झाड खुरटत नाही, उलट फांद्या धरते, हे शेतकरी जाणतो. निपाणीकडचा तंबाखू पिकवणारा शेतकरी तर शेंडा खुडल्यावर पुढे काय होणार हे तारीखवार सांगेल. शेंडा गेला की पानांच्या बगलांतून नवे फुटवे येतात. त्यांना तो 'बगलफूट' म्हणतो. त्याला पाने जाड व कसदार हवी असतात, म्हणून ही बगलफूट तो पुन्हापुन्हा काढून टाकतो. फुलशेतीत नेमके उलटे आहे. तंबाखूत जी बगलफूट शत्रू, तीच झेंडूत आणि शेवंतीत मित्र.

मराठीत या कामाला आपण 'शेंडा खुडणे' म्हणतो. आमचे कन्नड भाषिक मित्र 'कुडि चिवुटुवुदु' म्हणतात. 'कुडि' म्हणजे कोवळा शेंडा आणि 'चिवुटुवुदु' म्हणजे नखाने चिमटून तोडणे. दोन्ही भाषांतल्या शब्दांत कात्री किंवा कोयता नाही. आहे ते बोट आणि नख. खुडणे आणि छाटणे यांतला फरक या शब्दांतच सांगितलेला आहे. छाटणी जुन्या, लाकूड झालेल्या फांदीची करतात. खुडणी होते ती नखाने तुटेल इतक्या मऊ शेंड्याची.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे माझा प्रश्न थोडा निराळा आहे. या खुडण्याने फुले वाढतात असे सगळेच सांगतात. पण ती येतात कोठून? त्यांची किंमत झाड कोणत्या रूपाने मोजते आणि माणूस कोणत्या रूपाने? नफा-तोट्याचा हा ताळा प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न करते.

शेंड्याची सत्ता

कोणत्याही रोपट्याचे खोड नीट पाहिले तर प्रत्येक पान जेथे खोडाला जोडलेले असते, तेथे त्याच्या बगलेत एक बारीक डोळा दिसतो. प्रत्येक डोळा म्हणजे एक संभाव्य फांदी. परंतु मुख्य शेंडा जोरात वाढत असेपर्यंत यांपैकी बहुतेक डोळे निजलेले राहतात. शेंड्याजवळचे डोळे अधिक दबलेले असतात, तर खाली दूर असलेल्यांवरील दाब पुष्कळदा थोडा सैल असतो. वनस्पतिशास्त्रात याला शेंड्याचे प्राबल्य म्हणतात.

हे प्राबल्य निसर्गाने उगाच ठेवलेले नाही. दाटीत उगवलेल्या रोपाला उजेडासाठी शेजाऱ्यांच्या वर डोके काढावे लागते. अशा वेळी सगळी शक्ती एका शेंड्याला देणे शहाणपणाचे ठरते. निजलेले डोळे हा त्याचा राखीव निधी. जनावराने शेंडा खाल्ला किंवा वाऱ्याने मोडला, तर या निधीतून झाड पुन्हा उभे राहते. आपण शेंडा खुडतो तेव्हा झाडाच्या दृष्टीने जनावराने घास घेतल्यासारखेच होते, आणि ते आपला राखीव निधी बाहेर काढते.

हे कसे कळले?

शेंड्यातून काहीतरी निरोप खाली जातो, हा सुगावा चार्ल्स डार्विन व त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांना लागला होता. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी गवताच्या कोंबांवरील प्रयोग सांगितले. कोंबाचे टोक झाकले की कोंब उजेडाकडे वाकत नसे, जरी वाकण्याची जागा टोकाच्या खाली होती. पुढे डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबाची टोके कापून अगर या पदार्थाच्या तुकड्यांवर ठेवली. टोकांतला रस त्या तुकड्यांत उतरला, आणि नुसता तुकडा टोक नसलेल्या कोंबावर ठेवल्यावर कोंब वाढला. हे संशोधन १९२८ साली प्रसिद्ध झाले. या वाढ घडवणाऱ्या संप्रेरकाला ऑक्सिन हे नाव मिळाले.

फुलवाल्यांच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा प्रयोग १९३३ मधला. केनेथ थिमन आणि फोक स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापले. नुसते कापलेल्या रोपांचे बगलेतले डोळे फुटले. पण कापलेल्या जागी ऑक्सिन लावलेल्या रोपांचे डोळे शेंडा असल्यासारखेच दबून राहिले. म्हणजे शेंड्याची सत्ता त्याच्या आकारात नसून त्याच्यातून खाली वाहणाऱ्या द्रव्यात होती.

एवढ्याने कोडे सुटले असे मात्र नाही. ऑक्सिन स्वतः त्या डोळ्यांत शिरून त्यांना दाबत नाही, असे आढळले. मग ते दुरून राज्य कसे करते? सायटोकायनिन हे दुसरे संप्रेरक डोळ्यांना जागे करते, आणि ऑक्सिन त्याची निर्मिती रोखते. २००८ साली स्ट्रिगोलॅक्टोन हा तिसरा गट पुढे आला. तो डोळ्यांना दाबून ठेवण्यास मदत करतो. २०१४ मध्ये वाटाण्याच्या रोपांवरील अभ्यासातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. शेंडा कापल्यावर दूरचे खालचे डोळे इतक्या लवकर फुगू लागतात, की ऑक्सिन घटल्याची वर्दी तेथे पोचलेलीही नसते. त्याआधी पोचते ती साखर. वाढता शेंडा पानांत तयार झालेली साखर स्वतःकडे ओढत असतो. तो गेला की ती साखर डोळ्यांच्या वाट्याला येते आणि ते जागे होतात.

हा मुद्दा वाणिज्याच्या विद्यार्थ्याला चटकन पटेल. खुडण्याने त्या क्षणी झाडाजवळची पुंजी काडीनेही वाढत नाही. थोडी कमीच होते. बदलते ती वाटणी. एका मोठ्या भागधारकाकडे जाणारा लाभांश अनेक लहानांत वाटला जातो. पुंजी खरोखर वाढते ती नंतर. नव्या फांद्यांना नवी पाने येतात, ती पाने उन्हात अन्न तयार करतात, आणि मग फुलांचा एकूण भार वाढतो. यासाठी वेळ लागतो, आणि पाणी, खत व मोकळी जागाही लागते. यांपैकी काही कमी पडले तर फांद्या वाढतात, फुले वाढत नाहीत.

झेंडू

कन्नडात झेंडूला 'चेंडु हूवु' म्हणतात. चेंडू दोन्ही भाषांत एकच, आणि फूलही चेंडूसारखेच. मूळचे मेक्सिकोकडचे हे झाड आपल्या दसऱ्यात इतके मुरले आहे की ते परके होते हे सांगावे लागते.

झेंडूच्या मुख्य खोडाचा शेंडा शेवटी फुलातच संपतो. उंच वाढणाऱ्या, मोठ्या फुलाच्या जातीत हे पहिले फूल दिमाखदार असते, पण ते एकच असते. बाजूच्या फांद्या त्याच्या मागून सावकाश येतात. लावणीनंतर साधारण चार-पाच आठवड्यांनी, कळी धरण्यापूर्वी, हा शेंडा खुडला तर बाजूच्या अनेक फांद्या जवळजवळ एकाच वेळी निघतात. झाड बुटके व पसरट होते, वाऱ्यापावसात कमी लोळते, आणि फुलांची संख्या वाढते. त्याबरोबर दोन गोष्टी सोसाव्या लागतात. एक, प्रत्येक फूल थोडे लहान होते. दुसरी, बहर पुढे ढकलला जातो. जात आणि हवामान यांप्रमाणे हा उशीर एक-दोन आठवड्यांचा, कधी त्याहूनही जास्त असतो.

लहान फुलाचा, झुडपासारखा वाढणारा झेंडू मुळातच फांद्या धरतो. त्याला खुडण्याची फारशी गरज नाही. तसेच कुंडीसाठी तयार केलेल्या बुटक्या संकरित जातींनाही नाही. तेथे खुडणे म्हणजे मजुरी आणि दिवस दोन्ही वाया.

शेवंती

शेवंतीचा, म्हणजे कन्नडातल्या 'सेवंतिगे'चा, हिशेब आणखी नाजूक आहे, कारण ती सूर्याचे घड्याळ पाहते. काही झाडे दिवसाच्या लांबीप्रमाणे फुलतात, ही गोष्ट गार्नर व अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडली. शेवंती ही लहान दिवसांची, खरे म्हणजे लांब रात्रींची, वनस्पती आहे. बेळगावच्या अक्षांशावर जूनअखेर दिवस सुमारे तेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांच्या थोडा वर येतो. दिवस आखडू लागले की शेवंतीचे शेंडे पाने सोडून कळ्या धरू लागतात. तेथून फूल उमलेपर्यंत बहुतेक जातींना आठ ते दहा आठवडे लागतात.

म्हणून पावसाळ्यात लावलेल्या शेवंतीचा शेंडा रोप रुजल्यावर साधारण चार आठवड्यांनी एकदा खुडतात. नव्या फांद्या बोट-दोन बोटे वाढल्यावर त्यांचेही शेंडे पुन्हा खुडतात. एकाचे चार, चारांचे दहा-बारा असा हा विस्तार आहे. परंतु कळी धरण्याची वेळ जवळ आल्यावर हात थांबला पाहिजे. त्यानंतर जो शेंडा खुडाल तो पानांचा शेंडा नसून होणारे फूल असते. झेंडूला उशीर झाला तर तो पुढे तरी फुलतो; शेवंतीच्या बाबतीत ऋतूची दारे बंद होत जातात.

गंमत अशी, की याच शेवंतीत अगदी उलटे तंत्रही आहे. प्रदर्शनासाठी थाळीएवढे एक फूल हवे असेल तर शेंड्याची कळी राखतात आणि बाजूच्या सगळ्या कळ्या लहान असतानाच काढून टाकतात. एका वाटेने पुष्कळांना थोडे मिळते, दुसऱ्या वाटेने एकालाच सगळे. झाड तेच, आणि त्याची साखरही तेवढीच.

कोणाचा शेंडा खुडू नये

हा नियम सर्वांना लागू नाही. निशिगंध आणि ग्लॅडिओलस यांचा फुलदांडा कंदातून येतो. तो खुडला तर त्या दांड्याची फुले गेली, बगलफूट येत नाही. कोंबड्याच्या फुलाचे सौंदर्य शेंड्यावरच्या एका मोठ्या तुऱ्यात असते. तो शेंडा काढला तर लहान लहान तुरे मिळतात, कोंबडा मिळत नाही. एकच मोठे फूल धरणाऱ्या सूर्यफुलाचेही तसेच. तेरड्याची फुले पानांच्या बगलांत खोडाला लगटून येतात. शेंडा खुडल्यास फांद्या वाढतील, पण फुलांनी भरलेला मधला खांब जाईल. एकूण तत्त्व असे, की फूल कोठे येते ते आधी पाहावे आणि नंतर नख लावावे.

खुडण्याची रीतही सोपी आहे. रोप तरारलेले असावे. कोमेजलेल्या रोपाला हात लावू नये. खाली पाच-सहा निरोगी पेरे राखून, पानाच्या अगदी वर, दोन-तीन सेंटिमीटरांचा मऊ शेंडा अंगठा व तर्जनी यांच्या नखांनी तोडावा. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो आणि कुजतो. पावसाची झड चालू असताना खुडणे टाळावे, कारण ओल्या जखमेत बुरशी शिरते. खुडल्यानंतर पाणी व खत चुकवू नये.

किलो, हात आणि नग

आता मुख्य हिशेब. खुडल्याने फुले वाढतात आणि लहान होतात, तर फायदा झाला की तोटा? याचे उत्तर बाजार कोणते माप वापरतो यावर आहे. आपल्याकडे सुटी फुले किलोने विकली जातात. माळ हाताने मोजली जाते. कन्नड फुलवाली 'मोळ' आणि 'मारु' म्हणते. मोळ म्हणजे हात आणि चार मोळांचा एक मारु. प्रदर्शनाचे किंवा गुच्छाचे मोठे फूल नगावर जाते.

उदाहरणासाठी काही आकडे धरू. ते केवळ समजण्यासाठी आहेत, कोणत्याही शेतातले नाहीत. समजा, न खुडलेल्या झाडाला १० ग्रॅमची ४० फुले आली. वजन ४०० ग्रॅम. खुडलेल्या झाडाला ८ ग्रॅमची ६० फुले आली. वजन ४८० ग्रॅम. फुले दीडपट झाली, पण किलोच्या मापात वाढ फक्त पाचव्या हिश्श्याची.

माळेच्या मापात चित्र बदलते. फुलाचे वजन कमी होते त्या मानाने त्याची जाडी कमी होत नाही. समजा, मोठे फूल माळेत ४ सेंटिमीटर जागा घेते आणि लहान फूल ३.७ सेंटिमीटर. मग ४० फुलांची माळ १६० सेंटिमीटर होते आणि ६० फुलांची २२२ सेंटिमीटर. वाढ पाचव्या हिश्श्याहून बरीच जास्त, तिसऱ्या हिश्श्याच्याही वर. नगावर विकल्या जाणाऱ्या मोठ्या फुलाच्या बाबतीत मात्र लहान झालेले फूल खालच्या प्रतीत जाते आणि संख्या वाढूनही तोटा होऊ शकतो.

याच आकड्यांत एक न दिसणारा खर्च दडलेला आहे. खुडणीचा खर्च म्हणजे त्या दिवसाची मजुरी, असे आपण धरतो. पण मोठ्या फुलांच्या एका किलोत १०० फुले, तर लहान फुलांच्या किलोत १२५. म्हणजे काढणीच्या वेळी प्रत्येक किलोमागे पंचवीस वेळा जास्त हात चालवावा लागतो, आणि तोही हंगामभर. मजुरी दिवसावर असेल तर हा भार शेतकऱ्यावर पडतो. किलोवर असेल तर काढणाऱ्या बाईवर. माळ ओवणारीलाही तेवढ्याच लांबीसाठी थोडी जास्त फुले ओवावी लागतात. खुडण्याचा फायदा किती, या प्रश्नाला 'कोणाचा?' हा दुसरा प्रश्न जोडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, असे मला वाटते.

दसऱ्याची तारीख

सर्वांत मोठा खर्च मात्र पैशाचा नाही, दिवसांचा आहे. झाड दिवस मोजते आणि बाजार तिथी मोजतो. दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला आला, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. २०२४ साली तो १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला आला. दोन वर्षांत बावीस दिवसांचा फरक!

पुन्हा समजण्यासाठी धरू, की आपल्या झेंडूला लावणीपासून ५५ दिवसांनी भर येतो आणि खुडल्यास ७० दिवसांनी. लावणी ३० जुलैची. २०२३ च्या दसऱ्याला त्या लावणीचे ८६ दिवस भरत होते. खुडूनही पुरेसा अवधी होता. २०२५ च्या दसऱ्याला ६४ दिवसच भरत होते. न खुडलेले शेत फुललेले असते. खुडलेल्या शेताचा भर सहा दिवस उशिरा, म्हणजे सण आटोपल्यावर येतो. खुडणीचे काम दोन्ही वर्षी तितकेच नीट केलेले, पण एका वर्षी ते शहाणपण आणि दुसऱ्या वर्षी नुकसान. आमच्या अभ्यासक्रमात ज्याला संधिखर्च म्हणतात, म्हणजे एक वाट धरल्यामुळे दुसऱ्या वाटेवरचे जे हातचे जाते, त्याचे याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

मग करावे काय? मला सुचतो तो उपाय वाटणीचाच आहे. दसऱ्यानंतर सुमारे वीस दिवसांनी लक्ष्मीपूजन येते. ज्या वर्षी दसरा लवकर आहे, त्या वर्षी निम्म्या ओळी न खुडता दसऱ्यासाठी ठेवाव्यात आणि निम्म्या खुडून दिवाळीसाठी. दोन्ही भाव सारखे लागतीलच असे नाही. पण सगळे शेत एकाच तारखेवर लावण्याचा धोका टळतो, आणि काढणीची मजुरीही एका आठवड्यात गोळा होत नाही. यासाठी लागते ती फक्त एक गोष्ट: रोपे लावण्यापूर्वी पंचांग उघडणे.

वाचकमित्रहो, हे सर्व कागदावरचे गणित आहे, आणि ते जमिनीवर पडताळून पाहणे अवघड नाही. कॉलेजच्या बागेत उंच झेंडूची वीस रोपे एकाच दिवशी लावावीत. दहांचे शेंडे महिन्याने खुडावेत, दहांचे राखावेत. खत, पाणी आणि अंतर सारखे ठेवावे. पहिले फूल कोणत्या तारखेला आले, दर आठवड्याला किती फुले निघाली, त्यांचे वजन किती भरले, माळ किती हात झाली आणि काढायला किती मिनिटे लागली, हे पाच रकाने वहीत भरावेत. विज्ञान शाखेने झाडे पाहावीत, वाणिज्य शाखेने वही सांभाळावी. रकान्यांची नावे मराठीत आणि कन्नडात दोन्हीकडे लिहावीत, म्हणजे दोन्ही विभागांतल्या मित्रांना ती वही वाचता येईल आणि पुढच्या अंकात माझे धरून चाललेले आकडे खोडून खरे आकडे छापता येतील.